कंपनीचाही सातबारा पाहा



जालना हे बियाण्यांचे गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको काढली. आज बीजोत्पादनाचा प्लॉट घ्या म्हणत बांधावर कुणी ना कुणी येतेच. जमीन घेताना आपण सातबारा पाहतो. मग वर्षाचे पीक जिच्या भरवशावर लावायचे, त्या कंपनीचा का नको?

कंपनीने आपल्या पत्रावर, बिलावर २१ अक्षरी नोंदणी क्रमांक छापावा असा कायदा आहे. त्यात ‘एमएच’ म्हणजे महाराष्ट्र, आणि पुढचे चार आकडे स्थापनेचे साल. ‘आमची कंपनी वीस वर्षांची’ म्हणणाऱ्याची परीक्षा बांधावरच होते!

हाच क्रमांक केंद्राच्या कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकला की पत्ता, संचालक, भागभांडवल, कर्जाचा बोजा फुकट दिसतो. शिकती लेक मोबाइलवर काढून देईल. ताळेबंद वाचायला मात्र १०० रुपये पडतात. ब्रिटनने असे कागद २०१५ सालीच फुकट केले. आपल्या सरकारला काय अडचण आहे?

शेतकरी उत्पादक कंपनीत तुमचा शेअर असेल तर तीही तपासा.

क्रमांकच नसेल तर ती बहुधा भागीदारी पेढी किंवा एकट्याचे दुकान. मग करारावर सही कोण करणार, ते आधी विचारा.