सीमेवरचा मुलगा, घरातली नातवंडे



या सदराकडे येणाऱ्या पत्रांपैकी बरीच पत्रे अशा आजी-आजोबांची असतात, ज्यांचा मुलगा फौजेत आहे आणि नातवंडांचा सांभाळ ज्यांच्या हाती आला आहे. पत्रात विचारणा बहुधा स्वतःच्या गुडघ्यांची किंवा रक्तदाबाची असते. नातवाचा उल्लेख शेवटच्या दोन ओळींत येतो : 'अलीकडे तो फार हट्टी झाला आहे, शाळेत जायला नको म्हणतो.' तीस वर्षांहून अधिक काळ रुग्णालयात समाजकार्य केल्यानंतर मला त्या शेवटच्या दोन ओळीच अधिक महत्त्वाच्या वाटू लागल्या आहेत. आज त्यांच्याविषयीच लिहावयाचे आहे.

प्रथम या व्यवसायाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण तो अनेकांना अपरिचित आहे. आपल्याकडे समाजकार्याचे पद्धतशीर शिक्षण १९३६ मध्ये मुंबईत सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या नावाने तेव्हा स्थापन झालेली संस्था म्हणजेच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. पुढच्याच वर्षी तिने बालमार्गदर्शन केंद्र उघडले, आणि १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पहिल्या वैद्यकीय समाजकार्यकर्तीची नेमणूक झाली. आज शासकीय रुग्णालयांत हे काम करणाऱ्यांना 'समाजसेवा अधीक्षक' म्हणतात. आम्ही औषध लिहून देत नाही. आजारी माणसाचे घर, त्याची शाळा वा नोकरी, त्याच्या हक्काच्या योजना आणि त्याचे मन यांच्यामध्ये जे तुटलेले असते ते जोडून देणे, हे आमचे काम.

सैनिकाच्या घरी हे तुटणे वेगळ्या प्रकारचे असते. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले, आणि आजही तेथे पिढ्यान्‌पिढ्या फौजेत जाण्याची परंपरा आहे. अशा घरांना विरहाची सवय झालेली असते, असे आपण मानतो. मोठ्यांना ती होतही असेल. मुलाला मात्र प्रत्येक विरह नव्यानेच सोसावा लागतो. वडील सुट्टीवर येतात तेव्हा पहिले काही दिवस ते पाहुण्यासारखे वाटतात. मग जवळीक होते, आणि ती रुजेपर्यंत सुट्टी संपते. मधल्या काळात घरातील शिस्त कोणाची, आजोबांची की वडिलांची, हा प्रश्न मूल रोजच्या वागण्यातून विचारीत असते. आपण त्याला हट्ट म्हणतो.

एका कुटुंबाची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. आठ वर्षांचा एक मुलगा रोज सकाळी पोटात दुखते म्हणून रडत असे. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सर्व तपासण्या निर्दोष आल्या, तेव्हा डॉक्टरांनी त्याला आमच्या विभागाकडे पाठविले. आजोबा स्वतः निवृत्त हवालदार होते. बोलता बोलता कळले, की मुलगा पुन्हा अंथरूण ओले करू लागला होता आणि धाकट्या बहिणीला मारीत होता. आजीने दृष्ट काढून पाहिली होती. आजोबांनी 'सैनिकाचा मुलगा रडत नसतो' असे दरडावून पाहिले होते.

कारण निराळेच होते. लष्करी वाहन दरीत कोसळून त्याच्या वडिलांच्या मज्जारज्जूला इजा झाली होती, आणि त्यांचे पाय पुन्हा चालतील अशी आशा नव्हती. आई पुण्याच्या लष्करी रुग्णालयात त्यांच्यापाशी होती. मुलाला मात्र सांगण्यात आले होते, की पप्पांच्या ठाण्यावर फोनला रेंज नाही आणि आई मामाकडे गेली आहे. घरात तो शिरला की बोलणे थांबत असे. रात्री आजीचे हुंदके त्याला ऐकू येत. त्याला सर्व काही कळत होते. फक्त काय झाले आहे, तेवढे कळत नव्हते.

आजोबांशी माझ्या चार बैठका झाल्या. 'एवढ्याशा पोराला काय सांगायचे?' हा त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. अखेर त्यांनी स्वतःच सांगावे असे ठरले, कारण त्या घरात मुलाचा सर्वांत अधिक विश्वास त्यांच्यावर होता. शब्द आम्ही आधी ठरवून घेतले : पप्पांच्या गाडीला अपघात झाला; पाठीला मोठी इजा झाली; ते जिवंत आहेत आणि डॉक्टर त्यांची काळजी घेत आहेत; त्यांचे पाय आता चालणार नाहीत; आई त्यांच्यापाशी आहे. मुलाने सर्व ऐकून घेतले आणि एकच विचारले, "आबा, मी त्या दिवशी पप्पांशी फोनवर बोललो नाही, म्हणून झालं का?"

कित्येक आठवडे ते मूल हा भार एकटे वाहत होते. या वयाची मुले घरातील आपत्तीचे कारण स्वतःच्या वागण्यात शोधतात. त्यांना तसे कोणी शिकवावे लागत नाही. 'नाही रे बाळा, तुझ्यामुळे काही झालेले नाही,' हे वाक्य आपण सत्य सांगितल्याखेरीज उच्चारताच येत नाही. सत्य लपविण्याची खरी किंमत ही असते.

त्यानंतर भेटीची तयारी केली. चाकाची खुर्ची, लघवीची नळी, वडिलांचा उतरलेला चेहरा, हे सारे मुलाला आधी समजावून दिले आणि मगच त्याला पुण्याला नेले. पुढे वडील खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये दाखल झाले. मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांसाठी १९७४ पासून ही संस्था काम करीत आहे. मुलाचे पोटाचे दुखणे हळूहळू कमी झाले; अंथरूण ओले होणे थांबायला मात्र वर्ष लागले. याच काळात आजोबांची झोप उडाली होती, वजन घटले होते. त्यांनाही उपचारांची गरज होती, आणि ते मान्य करणे त्यांना सर्वांत जड गेले.

मुले मोठ्यांच्या चेहऱ्यावरून संकट ओळखतात, ही गोष्ट नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी लंडनमध्ये युद्धामुळे घरापासून दुरावलेल्या मुलांसाठी निवासी बालगृहे चालविली. बॉम्बवर्षावापेक्षा आईपासून झालेली ताटातूट मुलांना अधिक हादरवते आणि जवळचे माणूस शांत असले तर मूलही बरेच सावरते, असे त्यांच्या निरीक्षणांतून दिसले. अमेरिकेतील पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि 'संदिग्ध वियोग' ही कल्पना मांडली. माणूस देहाने घरात नसतो पण मनात सतत असतो, किंवा देहाने समोर असतो पण मनाने दूर गेलेला असतो. ज्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराची शुश्रूषा केली आहे, त्यांना यातील दुसरा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाही.

आता, आपण घरी काय करावे? मुलाला वयाप्रमाणे थोडक्यात पण खरे सांगावे. मृत्यू झाला असेल तर 'झोपले', 'देवाघरी फिरायला गेले' असे म्हणू नये; लहान मूल मग झोपेला भिते, किंवा परतण्याची वाट पाहत राहते. एकदा सांगून संपत नाही. तेच प्रश्न ते पुन्हा विचारील, तेव्हा तेच उत्तर न कंटाळता द्यावे. जेवण, शाळा, झोप यांच्या वेळा शक्यतो मोडू नयेत. दूरचित्रवाणीवर चकमकीच्या बातम्या चालू असताना मुलाला समोर बसवू नये. आणि त्याच्यासमोर डोळ्यांत पाणी आले तर तोंड लपवू नये; 'मलाही आठवण येते' एवढे म्हणावे.

एक अवघड गोष्टही लिहिणे भाग आहे. जवान गेल्यानंतर मिळणारी रक्कम आणि निवृत्तिवेतन यांवरून सासू-सासरे आणि सून यांच्यात वितुष्ट आल्याची प्रकरणे मी पाहिली आहेत. कधी सुनेवर दिराशी लग्न करण्याचा दबाव येतो. दुःख दोन्हीकडे खरे असते. मुलगा गमावलेल्या आई-वडिलांची म्हातारपणाची भीतीही खरी असते. परंतु अशा वेळी मुलाला निरोप्या किंवा साक्षीदार करू नये. तंटा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा वकिलासमोर मांडावा. नातवाला आई आणि आजी-आजोबा दोन्ही हवे असतात. त्यातून एक निवडण्याची पाळी त्याच्यावर आणणे हा अन्याय आहे.

शाळा टाळणे, अंथरूण ओले करणे, एकलकोंडेपणा, खाणे वा झोप बिघडणे ही लक्षणे तीन-चार आठवड्यांहून अधिक टिकली तर मदत घ्यावी. मूल स्वतःला इजा करण्याविषयी बोलले तर एक दिवसही थांबू नये. जिल्हा रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांची चौकशी करावी. 'टेलि-मानस' या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. कोणतेही मूल छळात वा निराधार अवस्थेत दिसले तर १०९८ हा क्रमांक फिरवावा. शेजारच्या घरातील असले तरी. ज्येष्ठांना स्वतःसाठी १४५६७ ही मदतवाहिनी आहे.

आपल्या पत्रांत यापुढे नातवाविषयीच्या त्या दोन ओळी शेवटी न लिहिता आरंभी लिहाव्यात, आणि तो हट्टी कधीपासून झाला, हेही आठवून लिहावे. त्या तारखेच्या आसपास घरात काय घडले होते, ते आपल्यालाच लिहिता लिहिता आठवेल. गुडघ्यांविषयीही अवश्य लिहावे. त्यांचेही उत्तर मिळेल.