विमान गप्प राहिले, नोंदवही बोलली

‘स्कायव्हॅन’ हे बेलफास्टमध्ये बनलेले दोन इंजिनांचे, डब्यासारखे छोटे विमान. टपाल-सामान नेणे, पंधरा-वीस माणसे पोहोचवणे, किनाऱ्यावर टेहळणी करणे ही त्याची कामे. त्याचा मागचा रुंद दरवाजा हवेतही उघडता येतो. अर्जेंटिनाच्या तटरक्षक दलाकडे अशी पाच विमाने होती.

१९७६ मध्ये तिथे लष्कराने सत्ता बळकावली. राजधानी ब्युनोस आयर्समधील ‘एस्मा’ या नौदलाच्या प्रशिक्षण संस्थेत विरोधकांना डांबून त्यांचा छळ केला जाई. ‘बदली होणार आहे’ असे सांगून अनेकांना गुंगीचे इंजेक्शन देत आणि विमानातून जिवंतपणी समुद्रात फेकत. १४ डिसेंबर १९७७ च्या रात्री पीए-५१ या स्कायव्हॅनमधून ज्यांना फेकले, त्यांत बेपत्ता मुलांसाठी चौकात उभ्या राहणाऱ्या मातांच्या संघटनेच्या असुसेना विलाफ्लोर, एस्तेर बायेस्त्रिनो आणि मारिया पोन्से होत्या. फ्रेंच नन लेओनी द्युकेही होत्या. त्यांचे मृतदेह किनाऱ्याला लागले आणि बेवारस म्हणून पुरले गेले. ओळख पटली ती २००५ मध्ये.

मारेकरी कसे सापडले? पाचपैकी दोन विमाने १९८२ च्या फॉकलंड युद्धात नष्ट झाली, उरलेली परदेशात विकली गेली. पत्रकार मिरियम लेविन आणि छायाचित्रकार जियानकार्लो चेराउदो यांनी पीए-५१ अमेरिकेत शोधून काढले. विमानासोबत उड्डाणांच्या जुन्या नोंदीही शाबूत होत्या. त्या रात्रीचे तीन तासांहून लांब उड्डाण आणि तीन वैमानिकांची नावे त्यात लिहिलेली होती. त्यांपैकी एक खटला चालू असतानाच वारला. उरलेल्या दोघांना नोव्हेंबर २०१७ मध्ये जन्मठेप झाली, म्हणजे गुन्ह्यानंतर चाळीस वर्षांनी.

बळी गेलेल्यांच्या मुलींनी पाठपुरावा केला आणि जून २०२३ मध्ये हे विमान मायदेशी परतले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एस्माला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीतील वादसभेत हावियेर मिलेई यांनी बेपत्तांचा तीस हजारांचा आकडा नाकारला, ते ८,७५३ होते असे म्हटले. पुढे तेच अध्यक्ष झाले. म्हणजे खून पचवण्याची लढाई अजून संपलेली नाही, ती आता स्मृतीवर येऊन ठेपली आहे.

मित्रांनो, ही यंत्रणा क्रूर होती, पण कारकुनी नियमाने चालत होती. किती वाजता उड्डाण, किती तास, कोण चालवणार, हे सारे ती रोज लिहीत होती. आपण काय लिहितो आहोत, याची तिला भीती नव्हती, कारण कुणी विचारेल असे वाटतच नव्हते. माता विचारत राहिल्या, मुलींनी विचारणे सोडले नाही, आणि कागद पुरावा झाला.

अत्याचाराच्या प्रकरणात काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने हे ध्यानात ठेवावे. घोषणा त्या दिवशी लागतात. फिर्यादीची प्रत, पंचनामा, वैद्यकीय अहवाल आणि तारखेनिशी केलेली टिपणे मात्र चाळीस वर्षांनीही लागू शकतात. ती आजच जपून ठेवा.