थापी नको, सर

दहावीचा निकाल लागला की आठ-दहा दिवस आमच्या घरी संध्याकाळी पालकांची ये-जा असते. यंदा खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातले एक गवंडीभाई मुलाला घेऊन आले. मुलाला 58 टक्के. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "सर, कुठल्याही कॉलेजात घाला, बीए-बीकॉम काही होऊ दे. थापी मात्र त्याच्या हातात नको." आणि सिमेंटने खाल्लेली बोटे त्यांनी आमच्यापुढे धरली.

मुलगा दाराशीच उभा होता. भूमितीत आम्ही त्याला कच्चा धरत आलो. सुटीत अब्बांबरोबर कामावर गेला की मात्र हाच मुलगा एका बाजूला तीन फूट, दुसरीला चार फूट खूण करून मधले अंतर पाच फूट भरते का ते बघतो आणि कोपरा काटकोनात आहे की नाही ते सांगतो. पायथागोरस त्याला फळ्यावर कळला नव्हता. दोष कोणाचा, ते आम्हीच समजून घेतले.

भाईंची भीती खोटी नाही. आम्ही कागद घेऊन त्यांच्याबरोबर हिशेब मांडला. हजेरी हजार रुपये. ऐकायला बरी वाटते, पण कोकणच्या पावसात जून ते सप्टेंबर बाहेरचे काम जवळजवळ बंद. लग्नकार्य, आजारपण धरून वर्षाला 180 दिवस भरतात. म्हणजे एक लाख ऐंशी हजार, आणि कंबर धरली तर तेवढेही नाही. त्यांच्याच शेजारचा टाइल्स बसवणारा मुलगा हजेरीवर जात नाही. तो चौरस फुटावर काम घेतो, आणि छपराखालचे काम असल्याने पाऊस त्याला आडवा येत नाही. वायरिंग, प्लंबिंग, पीओपी यांचेही तसेच. बांधकामात पैसा नाही असे नव्हे. तो कोणत्या कामात आणि कोणत्या बोलीवर आहे, हे बघावे लागते.

हीच कामे आयटीआयमध्ये रीतसर शिकता येतात. वीजतंत्री, तारतंत्री, आरेखक (स्थापत्य) हे दोन वर्षांचे, नळ कारागीर आणि गवंडी एक वर्षाचे. काही व्यवसायांना दहावी नापास मुलांनाही प्रवेश मिळतो. आपल्या उर्दू शाळांतली मुले मात्र मराठी अर्ज बघूनच मागे फिरतात. तो भरून देणे आम्हा शिक्षकांचे काम आहे, आणि आम्ही ते पुरेसे केलेले नाही.

आखातात जायचे म्हटले तरी कागद लागतोच. सौदीने प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर अशा कामांसाठी भारतातच कौशल्य चाचणी सुरू केली आहे. दहावी पास असेल तर पासपोर्टवर इमिग्रेशन क्लिअरन्सची अट लागत नाही. नोंदणी असलेल्या एजंटाला 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. आपल्या गावांत लाख-दीड लाख मोजून, तेही व्हिजिट व्हिसावर, गेलेली मुले आम्हाला माहीत आहेत.

भाईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, तुमच्या मुलाला घालाल का आयटीआयला?"

आमचा मुलगा अकरावी सायन्सला आहे. त्याला हा पर्याय आम्ही कधी सांगितलाच नव्हता. तसे कबूल केले. आतून बायको म्हणाली, "बरं झालं कुणीतरी विचारलं."

मग मुलालाच विचारले. त्याने आरेखक म्हटले. भाई हसले, "म्हणजे हा नकाशा काढणार आणि आम्हाला ओरडणार!" अर्जात पहिला पर्याय तोच टाकला, दुसरा वीजतंत्री. यादी अजून लागायची आहे.

निघताना भाईंना त्यांच्या स्वतःच्या नोंदणीचे विचारले. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात 18 ते 60 वयाच्या कामगाराची, मागच्या वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला असेल तर, नोंद होते. मुलांच्या शिक्षणालाही तिथून मदत मिळते. पंचवीस वर्षे लोकांची घरे बांधणाऱ्या या माणसाची नोंद नव्हती. दाखला द्यायला ठेकेदार का-कू करतो आहे. ग्रामसेवकाचाही चालतो, म्हणून सोमवारी पहिला तास दुसऱ्या सरांकडे देऊन आम्ही भाईंबरोबर ग्रामपंचायतीत जाणार आहोत.