काळे ऑइल आणि पांढरपेशे आपण

मोटारीच्या इंजिनातील ऑइल घरच्या घरी बदलण्याचे एक साधन हल्ली बाजारात मिळते. पाच-सात लिटरचा एक बंद डबा, डब्याच्या डोक्यावर सायकलच्या पंपासारखा दांडा आणि एक लांब, बारीक नळी, एवढाच त्याचा पसारा. ऑइल मोजण्याची पट्टी काढायची, तिच्या भोकातून नळी थेट इंजिनाच्या तळापर्यंत सोडायची आणि दांडा दहा-वीस वेळा वरखाली करायचा. डब्यातली हवा निघून गेली की इंजिनातले काळे ऑइल नळीवाटे चढून डब्यात पडू लागते. गाडी जॅकवर चढवायला नको, खाली झोपायला नको, नट खोलायला नको. आमच्या वस्तीशेजारच्या कॉलनीतील एका साहेबांनी हे यंत्र आणले आहे. त्याचा सर्वांत मोठा गुण त्यांनी मला सांगितला तो असा, की हात अजिबात खराब होत नाहीत.

कोणाचे हात? या एका प्रश्नासाठी हा लेख लिहीत आहे.

कला शाखेच्या वार्षिक अंकात ऑइलचा विषय पाहून कोणी नाक मुरडेल. परंतु ज्या शहरात आपण शिकतो, त्या छत्रपती संभाजीनगरचे पोट गेली चाळीस वर्षे पुष्कळसे मोटारींवर भरत आले आहे. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. २००१ साली शेंद्र्याला स्कोडाच्या गाड्यांची जुळणी होऊ लागली. आणि ऑक्टोबर २०१० मध्ये, शहराचे नाव औरंगाबाद असताना, इथल्या मंडळींनी एकाच वेळी १५० मर्सिडीज गाड्या घेऊन देशभर चर्चा घडवून आणली. व्यवहार ६५ कोटींचा होता. मागासलेला म्हणून ज्याची ओळख त्या मराठवाड्यात असे घडले, याचा आपल्याला अभिमानही वाटला. त्या दीडशे गाड्यांचे ऑइल पुढे दरवर्षी कोण बदलते, हा प्रश्न मात्र कोणाला सुचण्याचे कारण नव्हते.

गंमत अशी, की मर्सिडीजच्या कित्येक इंजिनांत ऑइलचा फिल्टर वरच्या बाजूला असतो आणि वरून नळीने ऑइल ओढून घेण्याची पद्धत त्या गाड्यांच्या बाबतीत जुनीच आहे. म्हणजे हे यंत्र हौशी लोकांचे खेळणे नव्हे. मोठ्या कार्यशाळांतील जाणती माणसे ते वापरत आली आहेत. ते पोहोचलेले नाही ते फक्त रस्त्याकडेच्या गॅरेजात.

तिथे काम कसे चालते ते मला ठाऊक आहे, कारण माझे वडील मिस्त्री आहेत आणि सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली असतो. आमच्या गॅरेजात रॅम्प नाही. गाडी जॅकने उचलायची, चाकांना दगड लावायचे आणि खाली पोते अंथरून आत सरकायचे. इंजिनाखालच्या ज्या भांड्यात ऑइल साठते त्याला आम्ही चेंबर म्हणतो. त्याचा नट चौदा किंवा सतरा नंबरच्या पान्याने सैल करायचा आणि शेवटचे दोन-तीन आटे बोटांनी फिरवायचे. पान्याने काढला तर नट ऑइलबरोबर घमेल्यात पडतो आणि शोधत बसावे लागते. ऑइल गरम असते, असावेच लागते, कारण थंड ऑइल काकवीसारखे रेंगाळते. नट सुटताक्षणी धार मनगटावरून कोपरापर्यंत येते. हे काम मिस्त्री स्वतः क्वचित करतो. ते हाताखालच्या पोराचे काम. गॅरेजात नवीन आलेल्याची पहिली दीक्षा हीच.

संध्याकाळी हात धुतात तेही सांगतो. आधी पेट्रोल किंवा डिझेल, मग लाकडाचा भुसा, मग कपड्यांची पावडर. ऑइल निघते, त्याबरोबर कातडीचा स्निग्धपणाही निघतो, आणि भेगा पडलेल्या त्या हातांवर दुसऱ्या दिवशी पुन्हा ऑइल येते. नखांच्या कडा तर लग्नातसुद्धा काळ्याच राहतात.

हे केवळ अस्वच्छ असते तर मी लेख लिहिला नसता. १७७५ साली पर्सिव्हल पॉट नावाच्या इंग्रज शस्त्रवैद्याने दाखवून दिले, की धुराडी साफ करणाऱ्यांना होणारा एक कर्करोग काजळीमुळे होतो. विसाव्या शतकात लँकशायरच्या सूतगिरण्यांत चात्यांना घालायचे तेल कामगारांच्या कपड्यांतून अंगाला लागत राहिले आणि त्यांच्यातही तोच रोग दिसला. कमी शुद्ध केलेली खनिज तेले माणसात कर्करोग निर्माण करतात, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केलेले आहे. आता, डब्यातले नवे ऑइल पुष्कळ शुद्ध असते. त्याला घाबरण्याचे कारण नाही. परंतु तेच ऑइल हजारो किलोमीटर इंजिनात फिरून आले, की अर्धवट जळालेल्या इंधनातील घातक संयुगे त्यात उतरतात. पेट्रोल इंजिनातले असे वापरलेले ऑइल उंदरांच्या कातडीवर लावून पाहिले तेव्हा गाठी झाल्या. एकदा हात बुडाल्याने काही होत नाही. प्रश्न रोज, वर्षानुवर्षे हात बुडवणाऱ्याचा आहे, आणि ज्या साहेबांनी यंत्र आणले ते वर्षातून एकदा ऑइल बदलणार आहेत.

यंत्र 'ओढते' असे आपण म्हणतो, ते बरोबर नाही. डब्यात हवा विरळ झाली, की बाहेरच्या हवेचा दाब इंजिनातल्या ऑइलला नळीत ढकलतो. टॉरिसेलीने सतराव्या शतकात हे दाखवले, आणि या ढकलण्याला मर्यादाही आहे: पाणी सुमारे दहा मीटरच चढते, त्यापुढे नाही. १९७२च्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या भागाला हे सहज पटेल. आपल्याकडच्या बोअरचे पाणी दहा मीटरच्या कितीतरी खाली, म्हणून हातपंपाचा सिलिंडर जमिनीवर ठेवून भागत नाही, तो खाली पाण्यात सोडावा लागतो. या धर्तीच्या मजबूत लोखंडी पंपांपैकी एक शेजारच्या जालन्यात मिशनच्या लोकांनी बनवला होता आणि 'जालना पंप' याच नावाने तो ओळखला जाई. त्यानंतर सोलापूर पंप आला आणि पुढे देशभर गेलेला इंडिया मार्क टू. इंजिनाची खोली हातभर. तिथे अडचण खोलीची नसून ऑइलच्या घट्टपणाची आहे. म्हणून गाडी थोडी चालवून, बंद करून, ऑइल कोमट असताना नळी सोडावी. फार तापलेले असेल तर प्लॅस्टिकची नळी मऊ पडते. गुळगुळ आवाज येऊ लागला की नळी जरा वर घेऊन पुन्हा तळाला टेकवावी, आणि किती लिटर निघाले ते गाडीच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावे. लहान गाडीत तीन लिटरच्या आसपास ऑइल असते. दोनच निघाले तर नळी तळाला पोहोचलेली नाही.

आमचे अण्णा या यंत्राच्या विरुद्ध आहेत, आणि त्यांचा मुद्दा वाऱ्यावर सोडण्यासारखा नाही. ते म्हणाले, "अरे, विहिरीचं पाणी उपसलं म्हणजे गाळ निघाला का? गाळ काढायला माणूस खाली उतरावाच लागतो." वर्षानुवर्षे ऑइल न बदललेल्या गाडीच्या बाबतीत त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. शिवाय खाली गेलेला माणूस इतरही गोष्टी पाहतो: कुठे सील गळते आहे, नटाला लोखंडाचा चुरा लागला आहे का. वरून नळी घालणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. ज्या गाड्यांचा फिल्टर खालच्या बाजूला असतो, तिथे फिल्टरसाठी खाली जावेच लागते. काही नव्या गाड्यांना तर पट्टीच नसते, मग नळी घालणार कुठून? आपल्यापैकी बहुतेकांची गाडी म्हणजे दुचाकी. तिचा नट उघड्यावर असतो, ऑइल लिटरभर, तिला या यंत्राची गरज नाही.

पण वेळेवर बदलल्या जाणाऱ्या ऑइलची गोष्ट विहिरीसारखी नाही. ऑइलमध्ये मुळातच अशी द्रव्ये मिसळलेली असतात, की ती काजळीला तळाशी बसू देत नाहीत, तरंगती ठेवतात. डिझेल गाडीतले नवे ऑइल थोड्याच दिवसांत काळे होते ते यामुळेच. ते खराब झाले असे नव्हे, ते आपले काम करीत आहे. कोमट असताना काढले तर ही तरंगती घाण ऑइलबरोबरच वर येते. अण्णांनी हे ऐकून घेतले आणि पटले नाही असे सांगितले. मला मात्र त्यांच्या वाक्यातला 'माणूस' खटकतो. विहिरीत उतरणारा माणूस कोण, हे गावात ठरलेले असते. गाडीखाली जाणारे पोर कोण, हेही ठरलेलेच.

घरी ऑइल बदलणाऱ्यांशी माझे भांडण नाही. स्वतःच्या गाडीचे काम स्वतः करणारा माणूस मला आवडतो. परंतु त्यांनी दुसऱ्या एका गोष्टीचे उत्तर द्यायला हवे: डबा भरला, आता पुढे? गॅरेजातले जळालेले ऑइल पिंपात साठते आणि विकले जाते. ते पुढे कुठे जाते याबद्दल मी छातीठोकपणे बोलणार नाही, कारण भट्टीत जळणेही त्यातलेच एक. खेड्यात ते वाळवी लागू नये म्हणून दाराच्या चौकटींना लावतात. सेंट्रिंगवाले प्लेटांना फासतात. पण बंगल्यातल्या तीन लिटरांना गिऱ्हाईक नाही. ती गटारात जातात. गटार नाल्याला, नाला खाम नदीला आणि खाम पुढे गोदावरीला मिळते. गेल्या काही वर्षांत खामचे काठ स्वच्छ करण्यासाठी पालिकेने आणि अनेकांनी मेहनत घेतली आहे. तिच्यात वरून ऑइल सोडणे हा त्या मेहनतीचा अपमान आहे. २०१६च्या नियमांप्रमाणे वापरलेले ऑइल हा घातक कचरा आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुन्हा शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. ऑइल झिजत नाही, मळते. नीट शुद्ध केले तर पुन्हा कामाला येते. नियम चांगला आहे. त्या नियमाचे पिंप आमच्या वस्तीत अजून मला दिसलेले नाही.

शाळेपासून आपण 'श्रमप्रतिष्ठा' या विषयावर निबंध लिहीत आलो. मीही लिहिले, गुणही मिळाले. अण्णांनी त्यातला एक वाचून विचारले होते, "म्हणजे नेमकं काय देणार म्हणतोस?" म्हणून या खेपेस नेमके सांगतो. आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक आहे. दरवर्षी ते दत्तक गावात रस्ते झाडते. यंदा पथकाने महाविद्यालयाच्या आसपासची गॅरेजे हाती घ्यावीत. दोन ऑइल काढण्याची यंत्रे घेऊन ती गॅरेजांना आळीपाळीने वापरायला द्यावीत, आणि ज्या कामात नट खोलावाच लागतो त्यासाठी रबरी हातमोजे द्यावेत. वाहनतळाच्या कोपऱ्यात झाकणाचे एक पिंप ठेवावे, त्यात प्राध्यापकांनी आणि कॉलनीतल्या साहेबांनी आपले ऑइल आणून ओतावे, वहीत लिटर लिहावेत, आणि पिंप भरले की परवानाधारक शुद्धीकरणवाल्याला बोलवावे. यंत्र गॅरेजात आले तर चौदा वर्षांखालच्या पोराला कामाला ठेवण्याची एक सबबही कमी होईल. कायद्याने तशी मनाई आहेच.

अण्णांना मी विचारले, यंत्र आणून दिले तर वापराल का. ते म्हणाले, आठ दिवस वापरून बघीन, पण पाना टाकून देणार नाही. यंत्रे काही हजारांना मिळतात. हातमोजे आणि पिंप धरूनही एकूण खर्च गेल्या स्नेहसंमेलनाच्या मंडपाहून कमी होतो. हिशेबाचा कागद मी विद्यार्थी मंडळाकडे दिला आहे.