कच्चें घर, पक्कें घर

घराविषयीं बोलतांना आपण दोन शब्द फार सहज वापरतों: ‘कच्चें’ आणि ‘पक्कें’. ज्याच्या भिंती विटांच्या किंवा सिमेंटच्या तें पक्कें. ज्याच्या भिंती मातीच्या, गवताच्या किंवा बांबूच्या तें कच्चें. जनगणनेच्या वर्गवारींतही माती, गवत व बांबू यांच्या भिंती ‘तात्पुरत्या’ म्हणूनच गणल्या जातात. आतां आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे आजे-पणजे ज्या वाड्यांत जन्मले व वाढले, त्यांच्या भिंती कशाच्या होत्या हें क्षणभर आठवून पाहावें. दगडी जोतें, सागवानी खांब-तुळया, आणि वर पुष्कळ ठिकाणीं पांढऱ्या मातीचीच भिंत! त्या वाड्यांत चार-चार पिढ्या नांदल्या. ह्या हिशेबानें आपले पूर्वज ‘तात्पुरत्या’ घरांत राहिले असें म्हणावें लागेल. शब्द अनुभवाशीं असे विसंगत होऊं लागले म्हणजे ते तपासून पाहणें इष्ट असतें. ह्या महिन्यांत आम्ही हे दोन शब्द मोखाड्याच्या पाड्यांवर नेऊन तपासणार आहों.

मोखाडा व जव्हार हे सह्याद्रीच्या कुशींतील दोन शेजारचे डोंगरी तालुके. जव्हार हें १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचें संस्थान होतें. पुढें तें ठाणें जिल्ह्यांत आलें, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हां दोन्ही तालुके त्यांत गेले. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी हे येथील मुख्य रहिवासी. पावसाळ्यांत शंभर इंचांच्या आसपास पाऊस, आणि तो सरून फाल्गुन उजाडला कीं हंडाभर पाण्यासाठीं पायपीट, अशी येथील दुहेरी तऱ्हा आहे. मुंबईस पाणी पुरविणारें मध्य वैतरणा धरण मोखाड्यांतच कोचाळ्याजवळ उभें आहे. आणि त्याच तालुक्यांतील कित्येक पाडे उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहत असतात.

अशा प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या जें घर उभें राहत आलें, तें कुडाचें. जमिनींत रोवलेल्या लाकडी मेढी, त्यांवर वासे, मेढींच्या मधून कारवीचा किंवा बांबूच्या कांबींचा दाट कूड, आणि त्यावर आंतून-बाहेरून माती, शेण व भाताचें तूस कालवून केलेलें लिंपण, अशी त्याची रचना. छपरास उतार भरपूर, म्हणून पाणी त्यावर क्षणभरही ठरत नाहीं. वळचण इतकी खालीं उतरलेली कीं आंत शिरतांना मान लववावी लागते. पण त्यामुळेंच भिंतीवर पावसाचा मारा येत नाहीं. आंत एका अंगास चूल, दुसऱ्या अंगास गुरें, आणि भात-नागलीच्या कणग्या. चुलीचा धूर छपरांतून झिरपत बाहेर जातो, आणि जातां जातां वाशांना व धान्याला कीड लागूं देत नाहीं. हें घर बांधावयास कंत्राटदार लागत नाहीं. घरधनी, त्याचे भाऊबंद आणि पाड्यावरचे शेजारी मिळून तें उभारतात. लिंपण-सारवण स्त्रिया करितात. उद्यां दुसऱ्याचें घर निघालें म्हणजे हेच हात तिकडे जातात.

ह्या घराचें केवळ गुणगान करून थांबावें, असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. दुसऱ्याच्या गरिबीला दुरून सौंदर्य म्हणणें हा शहरवासीयांचा जुनाच दोष आहे. मेढीचें जमिनींत गाडलेलें टोंक ओलीनें कुजतें आणि वाळवीला सांपडतें. गवताच्या छपराला एक ठिणगी पुरते. शाकारणीचें काम सालोसाल मागें लागलेलें असतें. जो धूर वाशांचें रक्षण करितो, तोच चुलीपुढें बसलेल्या बाईचे डोळे व छाती जाळतो. मातीच्या भिंतीचे पाय पाण्यांत राहिले तर काय होतें, हें पुण्यानें १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतच्या पुरांत पाहिलें. नदीकांठच्या पेठांतील कित्येक जुने वाडे त्या वेळीं बसले. सबब पाड्यावरचा माणूस ‘आम्हांला पक्कें घर पाहिजे’ असें म्हणतो, तेव्हां ती मागणी सर्वस्वीं न्याय्य असते. प्रश्न एवढाच उरतो कीं, पक्कें म्हणजे काय?

सरकारचें उत्तर सर्वांच्या परिचयाचें आहे. १९८५ सालीं इंदिरा आवास योजना निघाली. २०१६ पासून तिच्या जागीं प्रधानमंत्री आवास योजनेची ग्रामीण शाखा आली. घर किमान २५ चौरस मीटरांचें, म्हणजे सुमारें २७० चौरस फुटांचें असावें, आणि साहाय्य सपाट प्रदेशांत १ लाख २० हजार व डोंगरी, दुर्गम भागांत १ लाख ३० हजार रुपयांचें मिळावें, असें तिच्या आरंभीं ठरलें. आदिवासींसाठीं राज्याची शबरी घरकुल योजना आहे. कातकऱ्यांसारख्या विशेष दुर्बल गणलेल्या जमातींसाठीं नोव्हेंबर २०२३ मध्यें सुरू झालेल्या ‘जनमन’ योजनेंत घरामागें २ लाख रुपयांची तरतूद आहे. हा पैसा घरधन्याच्या नांवें येतो, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु त्या पैशांतून बहुधा उभें काय राहतें? विटांच्या चार भिंती, आणि वर पत्रा किंवा स्लॅब. वीट, वाळू, सिमेंट, लोखंड हें सर्व घाटाच्या वाटेनें पाड्यापर्यंत चढवावें लागतें आणि तेथें पोंचेपर्यंत महाग होतें. वैशाखांत पत्रा तापला कीं आंत बसवत नाहीं. कणगीला जागा नाहीं, गुराला आडोसा नाहीं, पडवी नाहीं. मग पुष्कळ ठिकाणीं ह्या पक्क्या घराच्या पाठीशीं कुडाची एक पडवी हळूच उभी राहते. चूल तिच्यांत जाते, आणि उकाड्याच्या रात्रीं माणसेंही तेथेंच निजतात. घरकुलाच्या आराखड्यावर ह्याहून बोलकी टीका कोणती असेल!

आणखी एक विसंगती आहे, आणि ती मनाला अधिक लागते. दिवाळी झाली कीं ह्या तालुक्यांतील कित्येक कुटुंबें मुलाबाळांसह वसई, भिवंडी, वाडा ह्या बाजूंच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडीं परत येतात. आगाऊ घेतलेली उचल फेडण्यांतच पुष्कळांचा हंगाम सरतो. बांधकामाचे कोरडे महिने आणि घरधनी गांवाबाहेर असण्याचे महिने, हे एकच! शहराच्या भिंतींसाठीं जो वीट पाडतो, त्याच्या स्वतःच्या घराची वीट त्याच्या पाठीमागें कोणी तिसराच रचतो. वीट ओली आहे कीं भाजलेली, जोतें पुरेसें उंच आहे कीं नाहीं, हें पाहावयास तो तेथें नसतो. बांधण्याची विद्या ज्याच्या हातीं होती, तो अशा रीतीनें स्वतःच्या घराबाबत केवळ ‘लाभार्थी’ होऊन बसतो.

येथें वास्तुविशारदाचें काम सुरू होतें. कुडाचे दोष आपण वर मोजले. त्यांतील एकेक दोष घेऊन त्याचा उपाय करावा, म्हणजे नवें घर आपोआप हातीं येतें. मेढ जमिनींत गाडण्याऐवजीं दगडाच्या उंच जोत्यावर पाषाणाचें बूड देऊन बसवावी आणि लोखंडी पट्टीनें जखडावी. ओल आणि वाळवी दोन्ही दूर राहतात. बांबू पावसाळा सरल्यावर, तीन वर्षांवरचा तोडावा, आणि बोरॅक्स व बोरिक आम्ल यांच्या पाण्यांत मुरवावा; त्यास सहसा कीड लागत नाहीं. मात्र हें औषध पावसानें धुऊन जातें, म्हणून लांब वळचण सोडूं नये. कीड आवरण्याचें काम औषधानें पत्करलें कीं धूर घरांत कोंडण्याचें कारण उरत नाहीं, आणि चुलीवर धुराडें बसवितां येतें. लिंपणांत चुना मिसळावा. गवताच्या जागीं कौलें घालावीं आणि त्यांखालीं बांबूच्या तट्ट्याचें छत द्यावें, म्हणजे आग व ऊन दोहोंचें भय कमी होतें. ह्यांतील एकही गोष्ट पाड्यावरच्या माणसाला महिन्याभरांत शिकतां येणार नाहीं अशी नाहीं.

कौलारू छपराला पन्हळ लावली कीं पाण्याचा प्रश्नही थोडा हलका होतो. २५ चौरस मीटरांच्या छपरावर शंभर इंच पाऊस पडला, तर तें पाणी साठ हजार लिटरांहून अधिक भरतें. पहिल्या सरींनीं छप्पर धुऊन निघाल्यावर त्यांतील अवघे दहा हजार लिटर झांकल्या टाकींत सांठविले, आणि पिण्या-स्वयंपाकाला रोज पन्नास लिटर धरले, तर दोनशे दिवस निघतात. एवढ्या एका हिशेबानें कोणा मुलीची डोक्यावरच्या हंड्यापासून उन्हाळाभर सुटका झाली, तर त्या घराला पक्कें म्हणावयास आणखी प्रमाणपत्र कशाला पाहिजे?

हलक्या भिंतीचा दुसराही एक गुण आहे. नोव्हेंबर २०१८ पासून ह्याच जिल्ह्यांत डहाणू-तलासरीच्या बाजूस, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे लहानमोठे हादरे वारंवार बसूं लागले. अशा वेळीं बांधणीविना रचलेली जड भिंत घात करते. कूड लवतो, पण बहुधा कोसळत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीस जी प्राणहानि झाली, ती मुख्यतः मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीचीं जड धाबीं ह्यांखालीं.

त्या किल्लारीच्या पुनर्वसनानें आणखी एक धडा दिला आहे. लातूर व उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) ह्या जिल्ह्यांतील बावन्न गांवें नव्या जागीं हलविलीं गेलीं. सरळ रस्ते, सारखीं घरें. भूकंपास तीं टिकाऊ, परंतु जुन्या गल्लीचा शेजार व वाड्याचें अंगण त्यांत हरवलें. ज्या गांवांत मात्र लोकांनीं सरकारी साहाय्यानें आपलीं घरें आपणच दुरुस्त केलीं, तेथें महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद सहाय्यक’ नेमण्यांत आलें. त्यांनीं घराघरांत जाऊन मजबुतीच्या युक्त्या समजावून दिल्या. घर कसें असावें हें त्यांत दिवसभर वावरणारीला विचारावें, ही गोष्ट आपल्या एकत्र कुटुंबांतील कोणतीही वडीलधारी बाई हंसत सांगेल. योजना आंखणारांना ती समजावयास भूकंप व्हावा लागला. मोखाड्यांत ग्रामसभा पाड्यापाड्यावर बसवून, स्त्रियांना पुढें घेऊन, आधीं वसाहतीचा आणि मग घराचा नकाशा काढला, तर खळें, विहिरीची वाट आणि गुरांची जागा सहज सुचतील. बांधकाम हंगामाआधींच ठरलें आणि त्याची मजुरी रोजगार हमींतून वेळेवर हातीं पडली, तर निदान त्या वर्षीं कांहीं कुटुंबांना भट्टीवर न जातां आपल्याच घरावर राबतां येईल.

लॉरी बेकर ह्या वास्तुविशारदाचें नांव ह्या संदर्भांत घेतलेंच पाहिजे. १९१७ सालीं बर्मिंगहॅम येथें जन्मलेला हा गृहस्थ महायुद्धाच्या काळांत मुंबईस महात्माजींना भेटला, हिंदुस्थानांत राहिला, आणि २००७ सालीं येथेंच निवर्तला. घराचें साहित्य पांच मैलांच्या परिघांतलें असावें, हा महात्माजींचा विचार तो जन्मभर सांगत असे, आणि केरळांत त्यानें स्वस्त घरें बांधून तो बराचसा खरा करून दाखविला. मोखाड्याच्या पांच मैलांत दगड, माती, बांबू, कारवी व पेंढा आहे; सिमेंटचा कारखाना नाहीं. ह्याच जिल्ह्यांत, डहाणूच्या बाजूस, ‘डिझाइन जत्रा’ नांवाचा तरुण वास्तुविशारदांचा गट स्थानिक माती, बांबू व कारागीर ह्यांच्या साहाय्यानें काम करीत आहे, हें समाधानाचें होय.

मात्र साहित्य जवळ असणें आणि तें हातीं येणें ह्यांत अंतर आहे. इंग्रजी अमदानींत जंगलें राखीव झालीं, आणि घरासाठीं लांकूड आणणारा वनवासी गुन्हेगार ठरूं लागला. १९२७ च्या वन कायद्यांत बांबूसही वृक्ष गणलें होतें. २०१७ सालीं वनाबाहेर वाढलेला बांबू त्या व्याख्येंतून वगळला गेला, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानें बांबूस गौण वनोपज मानून त्यावर ग्रामसभेचा हक्क मान्य केला आहे. हा हक्क कागदावरून पाड्यावर उतरेल, तेवढेंच घर स्वस्त होईल. तसेंच प्रदेशानुरूप घरांच्या नमुन्यांचा ‘पहल’ हा संग्रह खुद्द केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानेंच प्रसिद्ध केला आहे. तेव्हां दगडी जोत्याचा सुधारलेला कूड तालुक्याच्या अंदाजपत्रकांत एक मान्य नमुना म्हणून लिहिला जावा, ही मागणी अवास्तव खास नाहीं.

आमच्या वाचकांच्या दिवाणखान्यांत वारली चित्र आज हौसेनें लावलेलें असतें. लग्नाचा चौक सवाशिणींनीं तांदळाच्या पिठानें ज्या गेरूच्या भिंतीवर लिहावयाचा, ती भिंत कुडाचीच होती. डहाणूच्या जिव्या सोमा म्हसे यांनीं तें चित्र भिंतीवरून कागदावर आणलें आणि जगभर नेलें. २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. चित्राला मान मिळाला, भिंतीला मात्र अजून ‘तात्पुरती’ हेंच नांव आहे. आपल्यांतील कित्येक घरांचीं मुलेंमुली आज वास्तुशास्त्र शिकत आहेत. त्यांनीं सुटीचा एक महिना ह्या पाड्यांवर काढावा, आधीं कूड बांधावयास शिकावें, आणि मग त्याचे दोष काढावे. वडीलधाऱ्यांनीं त्यांस आडकाठी करूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे. ज्याची दुरुस्ती घरच्यांच्या हातांना येते, ज्यांत चूल, धान्य, गुरें आणि म्हातारेंकोतारें सुखानें सामावतात, आणि जें पावसांत व उन्हांत सारखेंच टिकतें, तें घर पक्कें. मग त्याची भिंत कशाची कां असेना!