एकादशीला आलेली ईद आणि रताळ्याची धिरडी



बकरी ईद जवळ आली की या सदराकडून मटणाच्या पाककृतींची अपेक्षा असते. कलेजी, पाया, सुकं मटण, बिर्याणी यांवर आपण दर वर्षी बोलतो आणि पुढेही बोलू, इन्शाअल्लाह. या वेळी मात्र मला ईदच्या सकाळच्या त्या तीन-चार तासांबद्दल लिहायचं आहे, जेव्हा घरात सण असतो, माणसं असतात आणि खायला काही नसतं.

रमजान ईदला खजूर खाऊन, काही घरांत शीरखुर्म्याची वाटी रिकामी करून पुरुष नमाजला जातात. बकरी ईदला उलटं. नमाज आधी, खाणं नंतर, आणि तेही शक्यतो कुर्बानीच्या गोश्तनेच, ही सुन्नत. नमाज आठच्या सुमारास होते, पण गल्लीत कसाई एक आणि घरं तीस. आपला नंबर लागून, वाटे होऊन, पहिली कलेजी तव्यावर पडेपर्यंत अकरा-बारा वाजतात. तोवर नवे कपडे घातलेली मुलं स्वयंपाकघराच्या दारात उभी. सासूबाईंना गोळी घ्यायची असते, ती रिकाम्या पोटी चालत नाही. बाहेरून आलेले पाहुणे भिडेखातर गप्प. मग कुणीतरी टोस्टचा पुडा फोडतं आणि सणाची सुरुवात चहा-टोस्टने होते. हे मला कधीच पटलेलं नाही. नमाजपर्यंत न खाणं ही सुन्नत आहे, तो रोजा नव्हे. लहान मुलं, आजारी माणसं आणि गरोदर बाया यांना तर सकाळीच काहीतरी पोटाला लागतं.

त्यात २०२२ आणि २०२३ ही दोन वर्षं अशी आली की बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी. २०२२ ला १० जुलै, रविवार. २०२३ ला २९ जून, गुरुवार. दुसऱ्या वर्षी राज्यातल्या अनेक गावांत आपल्या लोकांनी बैठका घेऊन ठरवलं की कुर्बानी एकादशीला न करता दुसऱ्या दिवशी करायची. शरियतमध्ये त्याला पूर्ण वाव आहे. हनफी मसलकात कुर्बानी जिलहजच्या १० पासून १२ तारखेपर्यंत करता येते, आणि कोकणातल्या आपल्या शाफई भावाबहिणींकडे १३ पर्यंत. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, फोटो छापून आले. आमच्या गावातही बैठक झाली. निर्णय चांगलाच होता, माझी त्याला काही हरकत नव्हती. पण बैठकीला सगळे पुरुष. घरी येऊन त्यांनी "उद्या मटण नाही" एवढंच सांगितलं. मग उद्या ईदच्या दस्तरखानावर ठेवायचं काय, हा मुद्दा बैठकीत कुणाला सुचला नव्हता. रात्रीचे साडेनऊ वाजले होते.

आमचं गाव पालखीच्या वाटेवरचं. आषाढीला निम्मं गाव पंढरपुरात असतं आणि मागे राहतात ती गुडघे दुखणारी म्हातारी माणसं. आमच्या भिंतीला भिंत लागून एक आजी राहतात. चाळीसेक वर्षं पायी वारी केलेल्या, आता उंबऱ्याबाहेर निघणं जड जातं. त्या रात्री त्यांनीच भिंतीपलीकडून हाक मारली, "काय गं चाची, झोपला न्हाईत अजून?" मी त्यांच्या नातीच्या वयाची, तरी सगळी गल्ली म्हणते म्हणून त्याही मला चाचीच म्हणतात. मी अडचण सांगितली. त्या म्हणाल्या, "अगं, माझ्याकडं तीन किलो रताळी आणून ठेवल्यात पोरानं. मी एकली किती खाणार? ने त्यातली."

ती रताळी घेऊन सकाळी जे केलं, ते आता आमच्या घरात दर बकरी ईदला होतं. मटण त्याच दिवशी असो वा नसो.

कृतीकडे वळण्याआधी कॅलेंडरबद्दल थोडं सांगते. वाचकांना वाटेल, असा योग कधी काळी येणार, त्याचं काय एवढं? पण हा योग नाही, हिशेब आहे. आपला हिजरी महिना चंद्र दिसल्यावर सुरू होतो, शेजाऱ्यांचा अमावास्या संपल्यावर. फरक एखाद-दुसऱ्या दिवसाचा. त्यामुळे आपली दहा तारीख आणि त्यांची शुद्ध एकादशी दर महिन्याला जवळजवळच येतात. बकरी ईद असते १० जिलहजला, म्हणजे ईदच्या आगेमागे कुठली ना कुठली एकादशी असतेच. ती दर वेळी आषाढीच असते असं नाही, कारण त्यांच्या पंचांगात अधिक महिना येतो आणि आपल्याकडे येत नाही. २०२४ ला ईद १७ जूनला होती, निर्जला एकादशी १८ ला. २०२५ ला ईद ७ जूनला, एकादशी ६ ला. आणि याच दोन वर्षी आषाढी कधी आली? १७ जुलै २०२४ आणि ६ जुलै २०२५, दोन्ही वेळा आशुऱ्याच्या दिवशी. म्हणजे भिंतीच्या अलीकडे रोजा आणि पलीकडे उपवास. यंदाचं कॅलेंडर तुम्हीच उघडून बघा.

तेव्हा ईदला शेजारी ताटली पाठवायची असेल तर त्यांचा उपवास आहे का, हे आधी विचारून घ्यावं. उपवासाला काय चालतं हे घरोघरी वेगळं असतं. गहू, तांदूळ, डाळी, बेसन कुणालाच चालत नाही. हळद, हिंग, मोहरी बहुतेकांना नको असते. जिरं आणि कोथिंबीर काही घरांत चालते, काहींत नाही. कुणाला मीठ सैंधवच लागतं. वरई म्हणजे भगर एकादशीला न खाणारीही घरं आहेत, राजगिऱ्याला मात्र सहसा कुणी नाही म्हणत नाही. निर्जला एकादशीला काहीजण पाणीसुद्धा घेत नाहीत, त्यांना ताटली दुसऱ्या दिवशी द्यावी.

आणि एक नाजूक गोष्ट. काही घरं आपल्याकडचं शिजवलेलं खात नाहीत. वाईट वाटतं, नाही असं नाही. पण आमच्या गल्लीतच एक बाई अशा आहेत की त्या सोवळ्यात असताना स्वतःच्या सुनेच्या हातचंही खात नाहीत. मग आपण कशाला मनाला लावून घ्यायचं? अशा घरी धुऊन पुसलेली कच्ची रताळी, केळी आणि चार खजूर द्यावेत. मात्र जे खातात त्यांच्यासाठी तवा, उलथनं आणि पातेलं वेगळं काढा, मटण घरात येण्याआधी करा आणि तसं त्यांना सांगा. विश्वास आहे म्हणूनच ते खातात, तो आपण जपायला हवा.

आता रताळी. आषाढीच्या आधी बाजारात दोन प्रकार दिसतात. करमाळ्याकडची गावरान, आकाराने लहान आणि गोड. आणि बेळगावकडून येणारी, मोठी आणि दिसायला देखणी. धिरड्यासाठी गावरान घ्यावीत. एकादशीच्या आदल्या दिवशी भाव चढतो, म्हणून चार-पाच दिवस आधीच आणा आणि टोपलीत उघडी ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीने रताळं आतून कडक होतं, मग कितीही शिजवा, गाठ राहतेच.

रताळं कुकरमध्ये पाण्यात बुडवून शिट्ट्या करण्याची सवय सोडा. एक तर ते पाणी पितं आणि पीठ जास्त लागतं. दुसरं, रताळ्यातल्या पिष्टाची साखर व्हायला मंद उष्णता आणि वेळ लागतो. झटपट शिजवलेलं रताळं फिकं लागतं ते त्यामुळे. मोदकपात्रात किंवा पातेल्यावर चाळण ठेवून सालासकट पंचवीस-तीस मिनिटं वाफवा. चुलीच्या निखाऱ्यात भाजता आली तर फारच उत्तम.

गोड धिरड्यांसाठी अर्धा किलो रताळी अशी वाफवून, सोलून, कोमट असतानाच किसून घ्या. किसल्याने दोरे तुटतात, नुसतं कुस्करलं तर तोंडात येतात. अर्धी वाटी किसलेला गूळ पाव वाटी कोमट दुधात विरघळवून गाळून घ्या, गुळात खडे असतातच. त्यात रताळ्याचा कीस, पाऊण वाटी राजगिऱ्याचं पीठ, दोन मोठे चमचे दाण्याचं कूट, वेलची, थोडं जायफळ आणि चिमूटभर मीठ घाला. लागेल तसं दूध घालत भज्यांच्या पिठापेक्षा किंचित घट्ट मिश्रण करा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. राजगिरा ओलावा ओढून घेतो. मगच पुन्हा पाहा, लागलं तर आणखी चमचाभर दूध.

तवा बिडाचा असेल तर सोन्याहून पिवळं. मध्यम तापवून आच मंद करा, साजूक तूप सोडा, डावभर पीठ घालून ओल्या बोटांनी तळहाताएवढं पसरवा. मोठं धिरडं करायच्या मोहात पडू नका. या पिठात गव्हाचा चिकटपणा नाही की अंड्याची पकड नाही, मोठं धिरडं उलटताना मोडणारच. झाकण ठेवून तीन मिनिटं. कडा सुटल्या, वरचा ओलेपणा गेला की उलटा आणि झाकण न ठेवता दुसरी बाजू भाजा. आच मोठी केलीत तर गूळ आधी करपतो आणि आत कच्चं राहतं. एवढ्यात बारा-चौदा होतात. अर्धा किलोचा असा घाणा सहा माणसांच्या नाश्त्याला पुरतो, शेजारची ताटली धरून.

तिखट धिरडी मला स्वतःला जास्त आवडतात. यासाठी रताळी कच्चीच सोलून पाण्यात किसायची, म्हणजे काळी पडत नाहीत. मग घट्ट पिळून घ्यायची. अर्धा किलोच्या किसात एक उकडलेला बटाटा कुस्करून, तीन हिरव्या मिरच्या आणि आल्याचं वाटण, अर्धी वाटी दाण्याचं कूट, अर्धी वाटी राजगिऱ्याचं पीठ, मीठ, आणि शेजारी चालत असेल तर जिरं. ओल्या फडक्यावर थापून, मधे भोक पाडून थालीपिठासारखी तुपावर भाजायची. बरोबर दही. आशुऱ्याच्या इफ्तारला खजुरानंतर हीच होती आमच्याकडे, आणि आजींच्या फराळालाही हीच.

आजींना एकदा मी सांगितलं की बटाटा हा शब्द मुळात रताळ्याचाच. अमेरिकेच्या बाजूच्या बेटांवरचे लोक रताळ्याला 'बटाटा' म्हणायचे, पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला आणि पुढे आपल्याकडे तो दुसऱ्याच कंदाला चिकटला. रताळं, बटाटा, शेंगदाणा, मिरची, साबुदाण्याचा कंद, सगळंच समुद्रापलीकडून आलेलं. आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आसंल. इठ्ठलाला चालतंय न्हवं?"

आपल्या घरच्या ताटात मात्र उपवासाची बंधनं नाहीत. मुलांसाठी वाफवलेल्या रताळ्याचा एक वाटी गोळा, एक वाटी गव्हाचं पीठ, एक अंडं, वाटीभर दूध, दोन चमचे साखर आणि एक छोटा चमचा बेकिंग पावडर एकत्र फेटा. जाड, मऊ, लुसलुशीत पॅनकेक होतात, मधाबरोबर द्या. आणि तिखट धिरडं कलेजीच्या रश्श्यात बुडवून खाऊन बघा. भाकरीची आठवण येत नाही. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी रताळं म्हणजे मोकळीक समजू नये. एखादं तिखट धिरडं दह्याबरोबर खावं, गुळाच्या वाटेला जाऊ नये.

सकाळी घाई नको म्हणून रताळी आदल्या रात्री वाफवून, सोलून, झाकून ठेवता येतात. शिजवल्यावर ती फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही. पण गूळ सकाळीच घाला. रात्रभर गुळात राहिलेल्या किसाला पाणी सुटतं आणि मग पीठ घालत बसावं लागतं. शेजारी पाठवायची धिरडी पहिल्या तव्याची काढा, तेव्हा तवा स्वच्छ असतो आणि घरातल्या मुलांचे हात अजून परातीपर्यंत पोचलेले नसतात.