अपरादित्याची भाऊबीज

गेल्या वर्षी भाऊबीजेला मी राईला ताईकडे गेलो होतो. भाईंदरहून उत्तनच्या रस्त्याला लागले की मुर्धा, राई, मोर्वा ही गावे लागतात. एका हातात ताईची साडी होती, दुसऱ्या हातातल्या पिशवीत वडिलांच्या घराचे हक्कसोडपत्र. ताईने सही केली की आम्हां दोघा भावांची वाटणी बिनबोभाट होणार होती. ती सही करील याविषयी मला शंका नव्हती. बहिणी करतातच!

ओटीवर भाचा पुस्तकात डोके खुपसून बसला होता.

"मामा, हंगेरीच्या काल्मान राजाला लोक 'पुस्तकी' म्हणत. आपल्याकडे असा कुणी राजा झाला का?"

मामाला ज्ञान पाजळायची संधी हवीच असते. मी म्हणालो, "तुझा काल्मान 1095 ते 1116 राज्यावर होता. चेटकिणी मुळी नसतातच, तेव्हा त्यांची चौकशी करू नये, असा कायदा त्याने केला. केवढा शहाणा! पण गादीच्या धास्तीने सख्ख्या भावाचे आणि त्याच्या लहानग्या मुलाचे डोळे काढवले. तोच आंधळा मुलगा, बेला, 1131 मध्ये राजा झाला. नेमका त्याच सुमारास आपल्या उत्तर कोकणात शिलाहार राजा अपरादित्य राज्य करीत होता."

"तोही पुस्तकी?"

"ऐक तर. 1127 च्या वडवली ताम्रपटात त्याची हकीकत आहे. छित्तुक नावाच्या शत्रूने राज्य बळकावले, सारे सामंत त्याला जाऊन मिळाले. हा एकटा घोड्यावर बसून लढला आणि राज्य परत मिळवले. पुढे त्याने काश्मीरला तेजकंठ नावाचा पंडित दूत म्हणून धाडला. तिथल्या विद्वानांच्या सभेत तो बसला होता, हे मंख कवीने 'श्रीकंठचरित' काव्यात नोंदवले आहे. हा दूत कुठला, तर शूर्पारकाचा, म्हणजे या खाडीपलीकडच्या सोपाऱ्याचा!"

"आणि पुस्तक?"

"याज्ञवल्क्यस्मृतीवर 'अपरार्क' नावाची मोठी टीका आहे. अपरार्क काय, अपरादित्य काय, अर्थ एकच : दुसरा सूर्य. अभ्यासक ती याच राजाची मानतात. काश्मीरच्या पंडितांनी ती प्रमाण धरली. शिलाहारांचे राज्य 1265 च्या सुमारास यादवांनी बुडवले, पण ग्रंथ टिकला. पुण्याच्या आनंदाश्रमाने तो 1903-04 मध्ये दोन भागांत छापला. ज्याने स्वतःचे राज्य लुटले जाताना पाहिले, त्यालाच कायद्याची किंमत कळली असावी, असे मला आपले वाटते."

"त्या स्मृतीत असतं तरी काय?"

"कर्ज, साक्षीदार, ठेवी, वाटणी..."

"वाटणीत बहिणीला काय मिळतं?"

मी भराभर बोलून गेलो, "बहिणीचे लग्न व्हायचे असेल तर भावांनी आपापल्या हिश्शातला चौथा भाग देऊन ते करावे. आणि मुलगा नसलेल्या माणसाची पहिली वारस त्याची बायको."

"आणि लग्न झालेल्या बहिणीला?"

"तेव्हा नव्हते. 1956 च्या कायद्याने वडिलांच्या मिळकतीत मुलगी वारस झाली. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही तिचा मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क झाला."

एवढे बोललो आणि मान वर केली. दारात ताई निरांजनाचे तबक घेऊन उभी होती. सगळे तिने ऐकले होते. म्हणाली काहीच नाही, फक्त, "पाटावर बस रे, वात विझेल."

मी पाटावर बसलो. काल्मानला हसणे सोपे होते. कायद्याची पुस्तके वाचून सख्ख्या भावावर उलटलेला तो राजा नऊशे वर्षांपूर्वीचा, दूर हंगेरीतला. आणि माझी पिशवी तर तिथेच खुंटीला टांगलेली होती. ताईने ओवाळले. मी तबकात साडी ठेवली. कागद पिशवीतून बाहेर आलाच नाही.

परतताना भाच्याने विचारले, "मामा, अपरादित्याला बहीण होती का?"

तेवढे मात्र मामाला सांगता आले नाही. पण चांज्याच्या 1138 च्या शिलालेखात त्याने आई लीलादेवीच्या पुण्यासाठी शेत दान दिल्याची नोंद आहे, ती सांगितली.

यंदा आम्ही वाटणीचा कागद नव्याने लिहिला आहे. त्यात नावे तीन आहेत.